गाडी अधूनमधून बंद पडते? कर्ज देण्याआधी हे विचारा



दसरा झाला, पऱ्हाटी फुटली, की आपल्या घाटंजी तालुक्यात गटाच्या बैठकीत दोन प्रकारचे कर्जअर्ज वाढतात. एक वेचाईच्या मजुरीसाठी आणि दुसरा गाडीच्या दुरुस्तीसाठी. घरी जुनी ४०७ असते नाहीतर पिकअप असते. कापसाची, तुरीची भाडी मारून घर चालतं, आणि ऐन हंगामात गाडी रस्त्यात बंद पडायला लागते. "मिस्त्री म्हणते, पंप गेला," असं सांगून ताई पंचवीस-तीस हजारांचं कर्ज मागते. आपण तिची बचत विचारतो, हजेरी विचारतो, मागची थकबाकी विचारतो. गाडीला नेमकं झालं काय, हे कोणी विचारत नाही. ते गड्यांचं काम, असं आपण धरून चालतो.

आम्हाला ते पटत नाही. पैसा गटाचा आहे, तर प्रश्न विचारायचा हक्कही गटाचा आहे. आणि गाडीचं म्हणाल, तर १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत बायांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून त्याचा जाब विचारला आणि तिथे इंजिनीअर म्हणून नोकरी मिळवली. त्याच आपल्या सुधा मूर्ती. त्याच कंपनीने पुढे १९८६ मध्ये ही ४०७ बाजारात आणली. तेव्हा आजचं बोलणं गाडीबद्दलचं आहे म्हणून रेडिओ बारीक करू नका.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीने पेट होतो, डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. म्हणजे जुन्या डिझेल गाडीला तीन गोष्टी लागतात: इंजिन जोरात फिरवणारा सेल्फ, साफ हवा, आणि टाकीपासून नोझलपर्यंत न तुटता येणारी डिझेलची धार. आपण बोलतोय ते जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांबद्दल. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचं तंत्र वेगळं, त्यांना कॉम्प्युटर लावून पाहावं लागतं.

आता प्रश्न. पहिला असा विचारायचा: गाडी बंद पडते ती एकदम, दिव्याचं बटण दाबल्यासारखी, की आचके देत, दम सोडत? दोन्हींचा रोग वेगळा आहे.

एकदम बंद पडत असेल तर आधी स्टॉपर पाहायचा. जुन्या गाडीत ओढून इंजिन बंद करायचा दांडा असतो. त्याची तार गंजून अर्धवट अडकली की डिझेल तुटतं. काही गाड्यांत तेच काम विजेवर चालणारा स्टॉपर करतो, आणि त्याची वायर ढिली असली की खड्ड्यात चाक आदळताच इंजिन गप्प होतं. गाडी उभ्यानेच चालू ठेवून ती वायर हलवून पाहायची. इंजिन अडखळलं तर चोर सापडला. याला पंप खोलावा लागत नाही.

आचके देत बंद पडत असेल तर डिझेल कमी येतंय किंवा मधे हवा शिरतेय. इथे थोडं थांबून सांगतो, कारण जुन्या गाड्यांचा बराच त्रास इथेच असतो आणि पंपाच्या नावावर बिलही इथेच फाटतं. टाकीतून डिझेल ओढून आणायला एक छोटा फीड पंप असतो. तो ओढतो, म्हणजे टाकी ते फीड पंप या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. आपण रसवंतीवर फाटक्या नळीने रस ओढतो तेव्हा तोंडात रस येतो थोडा अन् हवाच जास्त, तसंच. म्हणून खाली डिझेलचा थेंब दिसत नाही आणि मिस्त्री म्हणते, नळी तर कोरडी आहे. नळीच्या जोडावरचे तांब्याचे वायसर झिजले, रबरी नळी कडक होऊन तडकली, क्लिप सैल झाली, तरी हेच होतं. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. मग सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. सकाळचा त्रास आणि रस्त्यातला त्रास हे दोन रोग वाटतात, असतो एकच.

तपासायची रीत साधी आहे. फीड पंपाच्या आधीच्या नळीत वीतभर पारदर्शक नळी बसवायची आणि गाडी चालू करून पाहायचं. बुडबुडे दिसले तर हवा टाकीच्या बाजूने येतेय. याहून पक्की रीत म्हणजे टाकीची नळी काढून स्वच्छ कॅनमधल्या डिझेलवर इंजिन चालवायचं. कॅनवर बिनतक्रार चाललं तर पंपाचा काही दोष नाही, दोष मागे आहे. या दोन्ही गोष्टी कोणताही गाव-मिस्त्री तासाभरात करू शकतो. ज्याला पंप खोलायची घाई आहे आणि हे करायला वेळ नाही, त्याच्याकडून गाडी दुसरीकडे न्यायला सांगा.

टाकीच्या झाकणाचंही विचारा. डिझेल खर्ची पडतं तशी टाकीत बाहेरची हवा यावी लागते. ती वाट झाकणात असते नाहीतर बाजूच्या बारीक नळीत. धुळीने ती बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनाला डिझेल मिळेनासं होतं. अशा वेळी झाकण उघडताना सूं असा आवाज येतो, अन् उघडून लावलं की गाडी पुन्हा चांगली पळते.

पावसाळ्यात पाण्याचं पाहायचं. वावरात कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल टाकीत ओतलं, कॅनचं झाकण सैल होतं, तर पाणी जाणारच. काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन थोडा वेळ ठेवा. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे पाणी तळाशी वेगळं दिसतं. फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असेल तर तो अधूनमधून उघडायचा.

आता गाडी सुरूच होत नाही, त्याचं. इथे डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. चावी फिरवल्यावर नुसतं टक वाजतं? घर्र... घर्र... असा जड आवाज येतो? की इंजिन झपाझप फिरतं पण पकडत नाही? पहिल्या दोन्हींत रोग विजेचा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट विझत आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलला पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे. लाइट तेजच राहिला आणि नुसतं टक वाजलं, तर सेल्फकडे पाहायचं. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगची जाड पट्टीही विसरू नका, ती गंजली की नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. सेल्फ मारल्यावर टर्मिनल हाताला गरम लागलं तर तिथली पकड खराब आहे, ते घासून कसायचं. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा. जवळ बिडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

इंजिन झपाझप फिरतं पण पकडत नाही, तर सायलेन्सरकडे पाहा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल पोहोचतं पण पेटत नाही, मग इंजिन थंड आहे किंवा त्याचा दाब गेला आहे. चालू गाडी काळा धूर ओकते आणि चढाला मरते, तर आधी हवेचा फिल्टर उघडा. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात रांगेत उभ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून जणू गादीच भरलेली असते.

मग पंप कधीच जात नाही का? जातो. थंड गाडी चांगली, पण तापल्यावर बंद पडली की सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने होते, तर घासलेल्या पंपाचा संशय खरा. तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं. अनुभवी मिस्त्री पंपावर ओला कपडा ठेवून पाहतात; थंड होताच इंजिन पकडलं तर पंप खोलायला हरकत नाही. असा अर्ज आला तर आम्ही मंजूर करा म्हणू.

आमच्याकडच्या एका गटात गेल्या हंगामात असाच अर्ज आला होता. गटाच्या सचिव ताईंनी पैसे नाकारले नाहीत, पंधरा दिवस मागितले. वही दिली आणि सांगितलं, गाडी बंद पडली की तारीख, जागा, आणि डिझेल कधी भरलं ते लिहा. ड्रायव्हर हसला, पण त्याच्या बायकोने रोज संध्याकाळी विचारून लिहिलं. वही भरली तेव्हा दिसलं की डिझेल भरल्यावर तीन-चार दिवस गाडीला काहीच होत नाही. टाकी अर्ध्याखाली आली की खड्ड्यात, चढावर आचके सुरू. हँडपंप मारून हवा काढली की पुन्हा थोडी चालते. पंप बिघडला असता तर त्याला टाकी किती भरली याच्याशी काय देणंघेणं? टाकीतली ओढायची नळी बाहेर काढली. मधोमध गंजून भोक पडलेलं होतं. डिझेल भोकाच्या वर असेपर्यंत कोणालाच कळत नव्हतं, खाली उतरलं की नळी हवा ओढायची. आणि मिस्त्रीकडे न्यायच्या आधी घरचे टाकी भरून न्यायचे, म्हणून तिथे गाडी नेहमी शहाणी. वेल्डिंगवाल्याने नवी नळी बसवली. कर्ज लागलं नाही.

यात पैशापेक्षा मोठी एक बाब आहे. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत जाते. एक-दोनदा पाय दाबेपर्यंत ब्रेक लागतो, मग तो दगडासारखा जड होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. उतारावर, मागे भरलेला कापूस असताना, हे घडू देऊ नका. मालाच्या गाडीत मजूर बसवायला कायद्याची मनाई आहे, तरी वेचाईला जाताना आपल्याच बाया मागे बसतात हे आपण रोज पाहतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीत तरी चढू नका, भाडं दिलेलं असलं तरी. ड्रायव्हरलाही सांगा, की अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा-सोडायचा नाही, एकदाच दाबून धरायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि कडेला घ्यायची.

हवा काढायचं काम घरच्यांना येत असेल तर एवढं सांभाळा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँडपंप मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू कसायचा, इथपर्यंत ठीक. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना इंजिन फिरत असताना हात लावायचा नाही. तिथली डिझेलची धार इतक्या दाबाची असते की कातडी भेदून आत जाते. जखम सुईएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

पुढच्या बैठकीत गाडीचा अर्ज आला तर अर्जाच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून घ्या: एकदम बंद पडते की आचके देत, गार असताना की तापल्यावर, टाकी किती भरलेली होती, आणि मिस्त्रीने कोणती तपासणी करून दोष ठरवला. दुरुस्ती झाल्यावर बदललेला जुना भाग घरी आणायला सांगा, आणि पक्कं बिल अर्जाला जोडा.