आजोबांचा विसर आणि साखरेचा हिशेब

एकादशीचा उपवास. आजोबांनी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली. पोटात मात्र काही नाही. अकराच्या सुमारास ते एकाएकी चिडू लागले, नातवाला भलत्याच नावाने हाक मारू लागले. घरचे म्हणाले, "वय झालं!"

खरेच वयच का? थोडे गणित करून पाहा. मेंदू सुमारे २० वॉट शक्ती वापरतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ऊर्जा झाली १७ लाख ज्यूल. एक ग्रॅम ग्लुकोजपासून साधारण १६,००० ज्यूल मिळतात. भागाकार करा: दिवसाला शंभरावर ग्रॅम! आणि आपल्या पाच लिटर रक्तात एका वेळी ग्लुकोज असते किती? जेमतेम पाच ग्रॅम, एक चमचा. मेंदूजवळ स्वतःचा साठा जवळजवळ नाहीच. यकृत सतत भर घालते म्हणून आपले निभते. मधुमेहावरील काही गोळ्या इन्सुलिन वाढवून हीच भर रोखतात. तरुणाला अशा वेळी घाम, थरथर जाणवते. वृद्धांत या खुणा पुष्कळदा पुसट असतात, दिसतो तो नुसता चिडचिडेपणा आणि गोंधळ.

मग भरपूर साखर खावी का? मुळीच नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २,०६७ वृद्धांच्या पाहणीत, रक्तातील साखर सरासरीने जास्त असणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला, मधुमेह नसलेल्यांतही. (संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, हे प्रयोगशाळेत शिकलात ना?)

आजोबा शुद्धीवर असतील, गिळू शकत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका. तडक दवाखाना गाठा.