पाच तासांचा खेळ, पूर्ण दाम

व्हिडिओ गेम विकत घेताना बहुतेक खेळणारे दोन आकडे पाहतात: किंमत आणि तो संपायला लागणारे तास. किमतीला तासांनी भागलं की ताशी दर निघतो आणि त्यावरून गेम ‘पैसा वसूल’ आहे की नाही हे ठरतं. या हिशेबात शंभर तास चालणारा गेम दरवेळी जिंकतो, पाच तासांत संपणारा दरवेळी हरतो. लहान गेमला पूर्ण दाम मोजावेत का, हा वाद त्यातूनच पुन्हा पुन्हा उभा राहतो. पुण्यात तयार झालेल्या एका गेमने तो मराठी मुलखातही आणला.

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे एपिक गेम्स कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निंटेंडो स्विचवर आला. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोहोचला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २५ डॉलर होती आणि तो पाच-सहा तासांत संपत होता. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. समीक्षकांनी चित्रांचं भरभरून कौतुक केलं, पण ‘लहान आहे’ आणि ‘शेवट अचानक होतो’ अशा दोन तक्रारीही जोडीने येत राहिल्या.

गेममध्ये राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. महाबलासुराने त्याला पळवलेलं असतं. तिच्या हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ येतो, पुढे धनुष्य आणि ढाल-तलवार येते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत. मधले कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दाखवले आहेत. वाटेत मंडलासारख्या गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायचं असतं, आणि चित्र जुळलं की बहीण-भावाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग उलगडतो. भिंतींवरच्या चित्रांना पहाडी शैलीचा बाज आहे, वास्तूंना राजस्थानी किल्ल्यांचा. धार जिल्ह्यातलं मांडू पाहिलेल्या माणसाला तिथल्या कमानी आणि गच्च्या ओळखीच्या वाटतील. जगभरच्या गेममध्ये मध्ययुगीन युरोप आणि जपान हजारदा येऊन गेले. आपल्याकडच्या महालातून इतक्या निगुतीने चालायला क्वचितच मिळालं आहे.

अशा गेममध्ये खर्च कुठे होतो हे पाहिलं की ताशी दराचा हिशेब लंगडा पडू लागतो. राजी ज्या गच्चीवरून पाच मिनिटांत धावत जाते, ती कुणीतरी आधी कागदावर रेखाटलेली असते. मग तिचा त्रिमितीय साचा घडतो, त्यावर रंग चढतो, प्रकाश बसवला जातो, राजीचं पाऊल कुठे टेकेल आणि ती कुठून कोसळेल हे तपासलं जातं. खेळणारा पुढे निघून जातो आणि ती जागा पुन्हा कधीच येत नाही. लांबलचक गेममध्ये अशी एक छावणी घडवून नकाशावर पन्नास ठिकाणी मांडता येते. शत्रू तेच, पेटारे तेच. तिथे तास वाढवायला फारसा खर्च येत नाही. म्हणून शंभर तासांच्या गेममागे पाच तासांच्या गेमच्या वीसपट मेहनत असते, असं मुळीच नाही. शिवाय स्टीमसारखं ऑनलाइन दुकान विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवतं. प्रकाशकाचा हिस्सा आणि कर गेल्यावर जे उरतं, त्यात लहान स्टुडिओला कित्येक वर्षांचे पगार भागवायचे असतात.

संख्येने भुलण्याचा अनुभव भारतातल्या एका पिढीला आहेच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली कन्सोल गावोगाव पोहोचले. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे. प्रत्यक्षात आत मोजकेच खेळ असत, यादीत तेच वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येत. मुलं त्यातला मारिओ किंवा काँट्राच खेळत बसत. १९८५ चा मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठ जगांचा, बत्तीस टप्प्यांचा. सराईत हात तो अर्ध्या तासाच्या आत संपवतो. तरी तो महिनोन् महिने पुरला, कारण कठीण होता आणि हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागे. गेमची लांबी आणि तो माणसाला किती दिवस धरून ठेवतो, या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगळ्या आहेत.

देवासच्या संगीतप्रेमी घरांना हे संगीताच्या उदाहरणाने लगेच पटेल. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. मैफलीत तासभर रंगणारा राग गवयाला तेवढ्यात बसवावा लागे. १९४८ मध्ये देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व लहानपणीच अशा तबकड्यांवर गायले होते. तीन मिनिटांत राग उभा राहिला की नाही, एवढंच ऐकणारा पाहतो. वेळ कमी होता म्हणून कोणी त्या गाण्याला अर्धवट म्हणत नाही.

अर्थात, लहान गेमबद्दलची प्रत्येक तक्रार चुकीची नसते. मार्च २०१४ मध्ये आलेला ‘मेटल गिअर सॉलिड ५ : ग्राउंड झीरोज’ हा खरं तर पुढच्या मोठ्या गेमची नांदी होता. त्याची मुख्य मोहीम दोन तासांच्या आत संपत होती आणि नव्या कन्सोलवर किंमत ३० डॉलर होती. मोठ्या जेवणाची चव दाखवायला वेगळे पैसे घेतले, असं लोकांना वाटलं, आणि ते रास्तच होतं. फेब्रुवारी २०१५ मधला ‘द ऑर्डर : १८८६’ तर ६० डॉलर या पूर्ण दराने विकला गेला. तो साडेपाच तासांत संपतो हे दाखवणारा व्हिडिओ प्रकाशनाआधीच फिरला आणि गदारोळ झाला. त्याची खरी उणीव मात्र घड्याळात दिसणारी नव्हती. कथेचे बरेच धागे लोंबकळत राहिले होते आणि पुष्कळ वेळ खेळणाऱ्याने नुसतं बघत बसायचं होतं.

‘राजी’चीही हीच गत आहे. पाच तास ही त्याची उणीव नाही. त्या पाच तासांत जागा बदलत राहते, शस्त्रं बदलत राहतात, कंटाळा येत नाही. पण राजीचा शोध जिथे पोचायला हवा तिथे पोचण्याआधीच पडदा पडतो आणि पुढच्या भागाची वाट पाहायला लावलं जातं. लहान असणं आणि अपुरं असणं यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. पूर्ण दाम लहान गेमला द्यायला हरकत नाही. अपुऱ्या गेमला देताना हात आखडणं साहजिक आहे.

लहान असून पुरते असलेले गेम दुर्मीळ नाहीत. २०१२ चा ‘जर्नी’ दोन तासांत संपतो. वाळवंटातून डोंगराकडे चालत जाणं, वाटेत एखादा अनोळखी सोबती भेटणं, एवढीच त्याची गोष्ट. त्याच्या संगीताला ग्रॅमी नामांकन मिळालं, आणि गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला ते पहिल्यांदाच मिळत होतं. २०२३ मध्ये टोरांटोच्या एका छोट्या स्टुडिओने केलेला ‘वेंबा’ तर दीड तासाचाच आहे. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई स्वतःच्या आईच्या जुन्या, पुसट झालेल्या पाककृतींच्या वहीवरून इडली, बिर्याणी करते आणि मुलगा हळूहळू भाषेपासून दूर जातो. किंमत १५ डॉलर. २०२४ मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. हा गेम वीस तासांचा केला असता तर त्याच इडल्या पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या असत्या आणि आईची गोष्ट हरवली असती.

लहान गेमची एक खास अडचण दुकानाच्या नियमातून येते. जून २०१५ पासून स्टीमवर, खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळवता येतात. ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे. पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, आवडूनसुद्धा, परत करता येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘समर ऑफ ५८’ या भयकथेच्या गेमच्या निर्मात्याने, चांगले अभिप्राय येऊनही मोठ्या संख्येने पैसे परत मागितले जात असल्याचं सांगून, गेम बनवणंच अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. हा नियम नेमका लहान आणि नेटक्या गेमवर उलटतो. वेळकाढू गेम त्यातून सहज सुटतो.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. धार, देवास किंवा तसल्या कोणत्याही शहरातला तरुण बहुधा मोबाइलवर खेळतो, आणि मोबाइलवरचे लोकप्रिय गेम सुरुवातीला फुकट असतात. फुकट गेम संपत नाही. तो संपू नये अशीच त्याची रचना असते, कारण पोशाख, शस्त्रांचे रंग आणि पेट्या विकून तो पुढे कमाई करतो. त्याच्याशी तुलना केली तर कुठलाही विकतचा गेम महागच ठरणार. पण अशा गेममध्ये महिन्याकाठी थोडे थोडे करून जाणारे पैसे वर्षअखेर मोजले, तर एका पूर्ण गेमची किंमत त्यात सहज निघते. नोकरी किंवा दुकान सांभाळून रात्री तासभर मोकळा मिळणाऱ्याला पाच तासांचा गेम आठवड्यात पुरा करता येतो. साठ तासांचा बहुतेकदा अर्ध्यावर पडून राहतो, आणि त्याचे न खेळलेले तास ताशी दराच्या हिशेबात उगाच जमेला धरले जातात.

स्टीमने नोव्हेंबर २०१५ पासून भारतात रुपयांत किंमत लावायला सुरुवात केली, आणि तिथे अनेक गेमची भारतातली किंमत डॉलरच्या थेट रूपांतरापेक्षा कमी असते. मोठ्या सवलती बहुधा उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस येतात. ज्याला थांबवतं त्याने थांबावं, त्यात गैर काही नाही. मात्र लहान स्टुडिओचं पुढचं काम पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतल्या पूर्ण दराच्या विक्रीवर ठरतं. म्हणून गोष्ट पुरी झाली आहे असं परीक्षणांवरून कळत असेल, तर पाच तासांच्या गेमला पहिल्या दिवशी पूर्ण दाम देण्यात तोटा नाही. गोष्ट मध्येच तुटते असं कळलं, तर सवलतीची वाट पाहावी, गेम पन्नास तासांचा असला तरी.