नवी बंदिश: शब्द, सम आणि आजचे जगणे

ख्यालगायकीत आज नवे काय लिहिणार, असे बंदिशकाराला हमखास विचारले जाते. राग जुने, ताल जुने आणि गाण्याची रीत गुरूकडून आलेली, मग नवे करायला जागा उरते कुठे? खरे तर महाराष्ट्रात ही जागा सतत वापरली गेली आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'चतुर' या नावाने रागाचे नियम सांगणारी लक्षणगीते रचली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी 'सुजान', जगन्नाथबुवा पुरोहितांनी 'गुणिदास', चि. र. व्यासांनी 'गुणीजान' आणि जितेंद्र अभिषेकींनी 'श्यामरंग' ही मुद्रा घेऊन बंदिशी बांधल्या. यांतल्या कित्येक बंदिशी आज मैफलीत 'पारंपरिक' म्हणून गायल्या जातात. आज जे पारंपरिक आहे तेही कधीतरी कोणीतरी नव्याने लिहिलेलेच होते.

बंदिश म्हणजे काय हे आधी नीट पाहू. तिची लांबी फार नसते. स्थायीच्या दोन-तीन ओळी, अंतऱ्याच्या तेवढ्याच. कविता आपले म्हणणे स्वतःच पुरे करते, तर बंदिश ते अर्ध्यावर सोडते. उरलेला भाग गायक आलाप, बोलआलाप आणि तानांनी भरतो. स्थायीची सुरुवात, म्हणजे मुखडा, गायक वीस मिनिटांत शंभरदा म्हणतो आणि दर वेळी समेवर येतो. त्यामुळे बंदिशकाराला शंभरदा म्हटले तरी झिजणार नाहीत असे शब्द हवेत, आणि रागाचे चलन पहिल्याच आवर्तनात कळेल अशी स्वरांची वाट हवी. कमीत कमी सांगून दुसऱ्याला जास्तीत जास्त जागा द्यायची, हे या लेखनाचे मर्म. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत स्वरकार बहुतेक सगळे कागदावर लिहून देतो. इथे मात्र लिहिलेला भाग गाण्याचा छोटासा अंश असतो.

नवेपणा दोन वाटांनी येताना दिसतो. पहिली वाट रागाची. क्षयाच्या आजारामुळे कुमार गंधर्वांचे गाणे जवळपास पाच वर्षे बंद होते. देवासला त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत होती. त्या धुनांमधून त्यांना नवे राग सापडले. धुनेतून उगवलेले म्हणून त्यांना 'धुनउगम राग' असे नाव मिळाले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांतले. त्यांच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात या रचना स्वरलिपीसह आहेत. दुसरी वाट बंदिशीच्या घडणीची. प्रभा अत्रे यांनी अपूर्व कल्याणसारखे नवे राग बांधलेच, पण मारूबिहाग आणि कलावती हे प्रचलित राग घेऊन त्यांनी केलेल्या स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रिकेवरून घराघरांत गेल्या. राग ओळखीचा होता, तरी त्या बंदिशींचा चेहरा नवा होता.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो मराठी बंदिशकाराला जास्त टोचतो. घरी-दारी मराठी बोलणारा माणूस बंदिश मात्र ब्रजभाषेत का लिहितो? एक कारण परंपरेचे आहे, दुसरे उच्चाराचे. ब्रजभाषा जोडाक्षरे सैल करते. 'मार्ग'चा 'मारग' होतो, 'दर्शन'चे 'दरसन'. प्रत्येक अक्षर सुटे होते आणि त्यावर स्वर लांबवता येतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बोलताना गळतो, त्यामुळे 'निघतील', 'येतात' असे शब्द व्यंजनावर मिटतात आणि स्वराला टेकायला जागा राहत नाही. मराठी नेहमीच अशी नव्हती. ज्ञानेश्वरीच्या काळी 'मार्गु', 'देवु' अशी उकारान्त रूपे होती, म्हणजे शब्दाचे दार शेवटी उघडेच राहत होते. पुढे संगीत नाटकाने मराठी शब्द थेट रागदारीत बसवले. गोविंदराव टेंबे यांनी 1911च्या 'मानापमान'ला आणि भास्करबुवा बखले यांनी 1916च्या 'स्वयंवर'ला दिलेल्या चाली याची साक्ष देतात. पण नाट्यपदाला प्रसंगातला विचार पुरा करायचा असतो. बंदिशीला तो मोकळा ठेवायचा असतो. म्हणून नाट्यपद चांगले जमले तरी मराठी बंदिशीचा प्रश्न सुटत नाही.

तो कसा हाताळता येतो हे माझ्या एका रचनेवरून सांगतो. मी सीवूड्सला राहतो. इथल्या खाडीकाठच्या पाणथळीत हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, उतरतात आणि पावसाळा लागता लागता निघून जातात. मल्हाराच्या जुन्या बंदिशीत पाऊस आला की प्रियकराची वाट पाहिली जाते. इथे उलटे आहे: ढग येतात आणि पाहुणे जातात. पनघट आणि सासू-नणंद यांच्याशी माझ्या विद्यार्थ्यांचा संबंध उरलेला नाही, पण हे पक्षी त्यांना लोकलच्या वाटेवर दिसतात. विषय मिळाला, राग मियाँ मल्हार ठरला, ताल तीनताल. प्रश्न राहिला शब्दांचा.

'फ्लेमिंगो' जोडाक्षराने सुरू होतो आणि गळ्यात अडकतो. 'निघतील पाहुणे' म्हणावे तर 'निघतील' ल वर मिटतो. 'पाहुणे निघाले' असा क्रम घेतला की गोष्ट बदलते. मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उचलायचा. 'पा' दोन मात्रा, 'हु' एक, 'णे' तीन, 'नि' दोन, आणि सम 'घा'वर. समेला मोकळा 'आ' मिळतो, तिथून आलाप सहज निघतो. पुढचा 'ले'ही उघडाच. मियाँ मल्हाराची खूण म्हणजे कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद आणि षड्ज ही स्वरसंगती. 'णे' लांबवताना कोमल निषाद आणि धैवत येतात, 'नि' हे अक्षर शुद्ध निषादावर बसते, आणि 'घा' समेच्या षड्जावर. दोन निषादांमधला तो हेलकावा जाणाऱ्याची घालमेल सांगतो, त्यासाठी वेगळे दुःखाचे शब्द लागत नाहीत. भाषा मराठीच राहिली, फक्त तिचे उघडे स्वर शोधून ते योग्य मात्रेवर ठेवावे लागले.

रचना लिहून झाली तरी ती अजून बंदिश झालेली नसते. भातखंडे स्वरलिपीत कोमल स्वराखाली रेघ येते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य. यातून सांगाडा नेमका कळतो. पण कोमल निषाद किती आंदोलित करायचा, 'णे' सोडताना श्वास कुठे घ्यायचा, हे कागद सांगत नाही. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी 'रागरचनांजली'मध्ये स्वरलिपीबरोबर ध्वनिमुद्रणही दिले, ते यासाठीच महत्त्वाचे. तरीही ध्वनिमुद्रण एकाच दिवशीचे, एकाच गळ्याचे असते. दुसऱ्या गायकाने ती उचलावी, आपल्या स्वभावाने बढत करावी, एखादी जागा बदलावी, तेव्हा ती रचनाकाराच्या हातून सुटते आणि जगू लागते.

आज बंदिशी भरपूर रचल्या जातात. त्यांतल्या बहुतेक रचनाकाराच्याच वहीत आणि गळ्यात राहतात, कारण मैफलीत गायक स्वतःची किंवा गुरूची रचना मांडतो. समकालीन बंदिशकाराची रचना गाणे ही घराण्याशी प्रतारणा नाही. गुणिदासांनी बांधलेला जोगकंस आज सगळी घराणी गातात, तो असाच हातोहात गेला. एखाद्या तरुण गायकाने आपल्या मैफलीत हयात रचनाकाराची एक बंदिश मांडली आणि तिचे नाव सांगितले, तर नव्याने लिहिण्याला खरे बळ मिळेल.

'पाहुणे निघाले' ही ओळ दर वर्षी खरी ठरावी असे मला वाटते. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तर चिखलातले शेवाळ जाईल आणि त्यावर जगणारे पक्षीही येणार नाहीत. मग तो विरह राहणार नाही, नुसती आठवण उरेल. विरहात परत येण्याची आशा असते, आणि मल्हाराला ती लागतेच.