मार्ग दाखवणाऱ्याचे शिक्षण

लेखमाला : साधना आणि सोबत – भाग ७

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि वैनगंगेच्या काठचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. अशा स्तूपांच्या आसपास नांदणाऱ्या भिक्षुसंघाला विनयपिटकाने घालून दिलेला एक नियम आपण गेल्या भागात पाहिला. नव्या भिक्षूने निदान पाच वर्षे जाणत्या भिक्षूच्या आश्रयाने राहायचे, आणि उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारा गुरू, व्हायचे असेल तर अंगी पात्रता हवीच, शिवाय उपसंपदेला (पूर्ण भिक्षुदीक्षेला) दहा वर्षे झालेली हवीत. शिष्याची परीक्षा सगळीकडेच होते. इथे शिकवणाऱ्याची पात्रताही ठरवली होती. ख्रिस्ती परंपरेने हाच प्रश्न कसा सोडवला, हा आजचा विषय. भंडारा जिल्हा कॅथलिक चर्चच्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो. नागपूरची सेमिनरी हिल्स इकडच्या प्रत्येकाला नावाने ठाऊक असते. धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीत शिकतात. अशा प्रत्येक सेमिनरीत किमान एक आध्यात्मिक मार्गदर्शक असलाच पाहिजे, असे चर्चचा १९८३ चा कायदा सांगतो. त्याच कायद्याच्या २४० व्या कलमात आणखी एक बंधन आहे: विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना त्याच्या मार्गदर्शकाचे मत कधीही विचारायचे नाही. ज्याला त्या मुलाचे मन सर्वांत जास्त ठाऊक, त्यालाच निर्णयातून बाहेर ठेवले आहे. मार्गदर्शक घडवायचा तो त्याच्या हाती सत्ता देण्यासाठी नव्हे, तर हाती आपोआप येणारी सत्ता आवरायला शिकवण्यासाठी, हे ख्रिस्ती अनुभवाचे सार मला या कलमात दिसते.

या विचाराचे मूळ संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात सापडते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेला हा स्पॅनिश सरदार पुढच्या वर्षी मान्रेसा इथे राहिला. तिथे प्रार्थना करताना मनात काय काय उसळते, याच्या नोंदी तो ठेवू लागला. त्यांतून तीस दिवसांच्या साधनेचा क्रम तयार झाला आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की ते मुख्यतः साधकासाठी नाही, साधना करवून घेणाऱ्यासाठी आहे. आरंभीच्या सूचनांत त्याला वारंवार मागे खेचलेले दिसते. बायबलमधला प्रसंग थोडक्यात सांग, लांबण लावू नकोस. साधकाला स्वतः जे गवसते तेच त्याला अधिक तृप्त करते. त्याची पापे खोदून काढू नकोस, पण मनातल्या हालचाली समजून घे. पंधरावी सूचना तर फार धीट आहे. साधना चालू असताना साधकाला संन्यासाच्या व्रताकडेही झुकवायचे नाही. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहायचे आणि देवाला त्याच्या माणसाशी थेट बोलू द्यायचे. स्वतः येशूसंघ (जेझुइट) उभारणारा, संघासाठी माणसे हवी असलेला माणूस हे लिहितो, म्हणून या संयमाचे वजन अधिक.

आता हा संयम शिकवायचा कसा? अमेरिकेतील केंब्रिज इथे १९७१ मध्ये येशूसंघीयांनी यासाठी एक केंद्र काढले. तिथल्या अनुभवावर विल्यम बॅरी आणि विल्यम कॉनली यांनी १९८२ मध्ये लिहिलेले पुस्तक आजही अनेक अभ्यासक्रमांचा पाया आहे. अशा शिक्षणात बायबल, धर्मशास्त्र आणि प्रार्थनेचा इतिहास असतोच, पण भर दुसरीकडे असतो. शिकणाऱ्याला स्वतःचा मार्गदर्शक असावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी त्याने मूक साधनेचे दिवस अनुभवलेले असावे लागतात. मग तो थोड्या साधकांना नियमित भेटू लागतो. भेटीनंतर नाव-गाव वगळून संवाद आठवेल तसा लिहितो आणि तो कागद घेऊन अनुभवी पर्यवेक्षकासमोर बसतो. पर्यवेक्षकाचा रोख साधकाच्या अडचणीवर नसतो, लिहिणाऱ्यावर असतो. साधक देवावरचा राग बोलू लागला तेव्हा तू विषय का बदललास? ती रडू लागली तेव्हा तुला उपदेश करण्याची घाई का झाली? साधकाला ऐकताना आपल्याच भीतीचा, आवडीचा आणि मोठेपणाच्या हौसेचा आवाज मध्ये कुठे येतो, हे ओळखणे हाच खरा अभ्यासक्रम. तो पदवीनंतरही संपत नाही. चांगला मार्गदर्शक आयुष्यभर कुणाला तरी जाब देत राहतो.

महाराष्ट्रातल्या या कामाला जगभर ओळख मिळवून दिली ती फादर अँथनी डिमेलो यांनी. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेले डिमेलो १९४७ मध्ये येशूसंघात आले. इग्नेशियसची साधना आणि मानसशास्त्रीय समुपदेशन ही दोन्ही अंगे त्यांनी परदेशात अभ्यासली. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. इतरांना मार्ग दाखवण्याची जबाबदारी असलेले धर्मगुरू आणि सिस्टर तिथे महिनोन्‌महिने राहून आधी स्वतःकडे पाहायला शिकत. श्वासाकडे लक्ष, शरीराच्या संवेदनांचे भान अशा आपल्या मातीतल्या पद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत त्यांनी मोकळेपणाने आणल्या. इथेच पहिला आक्षेप उभा राहतो: यात मानसशास्त्र आणि ध्यानाचे तंत्र उरते, ख्रिस्त मागे पडतो. हा आक्षेप हलका नाही. डिमेलो १९८७ मध्ये वारले आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने जाहीर केले की त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत आहेत. त्याच निवेदनाने त्यांच्या सुरुवातीच्या लेखनातले उपयुक्त अंश मात्र मान्य केले. माझ्या मते यावरून पद्धत चुकीची ठरत नाही, तिची मर्यादा ठरते. मन ओळखायला मानसशास्त्र लागते. ते मन कुणाकडे वळले आहे, हे सांगणे त्याचे काम नाही. म्हणून शिक्षणात दोन्ही विद्या हव्यात, आणि एकीने दुसरीची जागा घेऊ नये याची राखण हवी.

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंकडून येतो. मार्गदर्शन ही पवित्र आत्म्याची देणगी. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी कुठे प्रमाणपत्र घेतले होते? देणगी वर्गात मिळत नाही हे खरेच. पण वाळवंटातही वडीलधाऱ्याच्या हाताखाली वर्षे काढल्याखेरीज कुणी वडीलधारा होत नसे. आविलाच्या संत तेरेझा यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी त्यांचे नुकसान केले. देणगीच्या नावाखाली तपासणीच नको म्हटले तर काय होते, याचा दाखला आपल्या काळातला आहे. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या लार्श या संस्थेचे संस्थापक जाँ व्हानिए यांना जग संत मानत होते. संस्थेनेच त्यांची चौकशी करवली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांनी सहा स्त्रियांच्या मनावर ताबा मिळवून त्यांच्याशी लैंगिक संबंध ठेवले होते, बहुधा आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या निमित्तानेच. त्यांचे स्वतःचे गुरू फादर तोमा फिलिप यांना अशाच वर्तनाबद्दल चर्चने १९५६ मध्ये शिक्षा केली होती. बंद दार, संपूर्ण विश्वास आणि जाब विचारणारे कुणी नाही, हे तीन एकत्र आले की भक्तीचीच शिकार होते. संस्थेने स्वतःहून सत्य उघड केले, हे तिचे धैर्य. पण पीडितांसाठी ते फार उशिरा आले.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. गुरूला शरण गेल्याशिवाय अहंकार जात नाही, मग आज्ञाच न करणारा मार्गदर्शक काय कामाचा? त्याच्या नेमका उलट आक्षेप प्रोटेस्टंट बंधूंचा: ख्रिस्त आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा हवाच कशाला? दोघांना उत्तर एकच आहे. शरण जायचे ते देवाला, आणि सोबत्याने त्या शरणागतीचा मोहरा स्वतःकडे वळू द्यायचा नाही. त्याचे काम मध्यस्थी करण्याचे नाही, साक्षी राहण्याचे आहे. मात्र स्वतःला फसवण्याची कला माणसाला चांगलीच अवगत असल्याने असा साक्षी लागतो. आज्ञा देणे त्या मानाने सोपे. समोरच्याचा चुकीचा वाटणारा निर्णयही त्याच्याच हातात राहू देणे, आणि तरी खरे ते बोलणे, याला कितीतरी अधिक तप लागते.

म्हणून कुणापाशी आपले अंतरंग उघडण्याआधी, धर्म कोणताही असो, चार प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तुम्ही कुणाकडून शिकलात? आज तुमचा मार्गदर्शक कोण? तुमच्या कामाबद्दल तुम्ही कुणाला जाब देता? आणि मी उद्या दुसरीकडे गेलो तर चालेल का? या प्रश्नांनी ज्याचा अपमान होतो, त्याचे शिक्षण अपुरे आहे. विनयपिटकाने उपाध्यायाला घातलेली दहा वर्षांची अट आणि चर्चच्या कायद्याचे २४० वे कलम एकाच जाणिवेतून आले आहेत: दुसऱ्याच्या आत्म्याजवळ जाण्याचा परवाना केवळ चांगल्या हेतूने मिळत नाही. पुढच्या भागात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या ‘देवाचा दरबार’ या कल्पनेकडे वळू. गुरू-शिष्य नात्याचा मराठी ख्रिस्ती अर्थ त्यांनी कसा शोधला, ते तिथे पाहता येईल.