असं का होतं? : कळशीचा सूर, गिटारची मींड

अहमदपुरात नळाखाली कळशी लावली, की वाकून बघावं लागत नाही; भरत आल्याचं कानच सांगतो. पाणी चढतं तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज बारीक होत जातो.

तारेचंही तसंच. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अप्रतिम ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवरून धातूची कांडी सरकवतात. थरथरणारा भाग आखूड होतो, सूर चढतो. वाटेत एकही पायरी नाही, म्हणून गळ्यासारखी मींड!

याच ध्वनिमुद्रिकेतल्या हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीत हेच काम बोटं करतात. शिवकुमार शर्मांच्या संतूरची मात्र पंचाईत: तारांची लांबी वाजवताना बदलत नाही. म्हणून ते कलम, म्हणजे संतूर वाजवायच्या काड्या, तारांवर अलगद घसरवतात आणि सुट्या थेंबांची धार होते.