नो-किल निवारा आणि खानावळीचं गणित

“अजून चार पिंजरे घेऊया का?” आमच्या मांजरांच्या निवाऱ्यात दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. मी तिथे शनिवारी लिटर बदलायला जाते आणि बाकीचे दिवस रांगांच्या गणितावर पीएचडी करते. या दोन कामांचा काही संबंध आहे, हे मला दीड वर्ष सुचलंच नव्हतं!

नो-किल म्हणजे, जागा नाही म्हणून कुठल्याही निरोगी किंवा बऱ्या होऊ शकणाऱ्या मांजराला मारायचं नाही. आमचा निवारा पूर्ण स्वयंसेवकांवर चालतो. जागा ३० मांजरांची. पण दारात खोकं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यामुळे मागच्या वर्षी आकडा ४२ वर गेला. विलगीकरणाची खोली भरली होती, म्हणून नवीन आलेली पाच पिल्लं सरळ मोठ्या खोलीत ठेवली. चौथ्या दिवशी त्यातलं एक पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं. पीत मात्र नव्हतं. पॅनल्युकोपेनिया. दोन आठवड्यांत अकरा पिल्लं गेली. नो-किल निवाऱ्यात.

हा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंद. आतड्यावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतो, पांढऱ्या पेशी खाली येतात. जमिनीवर, भांड्यांवर, चपलांवर तो महिनोन्‌महिने टिकतो. हातावर सॅनिटायझर चोळून मरत नाही. आधी जागा धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी. लस चांगली आहे, पण आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असेपर्यंत पिल्लांवर ती नीट लागू पडत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते. एवढं सगळं करायला माणसं लागतात. अमेरिकेत एक जुना ठोकताळा आहे: साफसफाई आणि खाणं मिळून दर मांजरामागे रोज किमान १५ मिनिटं. ३० मांजरांना साडेसात तास, ४२ ना साडेदहा. आमचे स्वयंसेवक तेवढेच होते. मग घाई कशात झाली असेल, तुम्हीच ओळखा.

आता माझं गणित. समजा एका खानावळीत तासाला ४० माणसं येतात आणि प्रत्येक जण अर्धा तास बसतो. मग कुठल्याही क्षणी सरासरी २० माणसं आत असतात. जेवून झाल्यावर लोक गप्पा मारत पाऊण तास बसायला लागले तर ३०. येण्याचा वेग गुणिले मुक्काम, बस्स. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे सिद्ध केलं, म्हणून याला लिटलचा नियम म्हणतात. (दिसतो पोरखेळ, पण सिद्धता वाचताना माझा घाम निघाला होता.)

निवाऱ्यात महिन्याला १० मांजरं येतात आणि प्रत्येक तीन महिने राहतं असं धरा. झाली ३०. मुक्काम चार महिन्यांचा झाला तर ४०. दोन महिन्यांवर आणला तर २०, आणि तेही एकाही मांजराला नाही न म्हणता! उलट, दत्तक जाण्याचा वेग तोच ठेवून नुसते पिंजरे वाढवले तर ते भरतात आणि प्रत्येकाचा मुक्काम लांबतो. लांबलेल्या मुक्कामात ताण येतो, ताणाने अंगात दबून बसलेला हर्पीस उसळतो, शिंकणारं मांजर कोणी नेत नाही. तोवर पिल्लाचं बोकोबा होतं, आणि मग तर विचारूच नका.

म्हणून मी आमचं रजिस्टर घेऊन बसले. मांजरांचे दिवस जात कुठे होते? उपचारात फार कमी. नसबंदीची तारीख मिळेपर्यंत थांबा, फोटो काढणारा येईपर्यंत थांबा, दत्तक घेणाऱ्यांना फक्त रविवारी बोलवायचं म्हणून थांबा. सोमवारी तयार झालेलं मांजर सहा दिवस नुसतं बसून.

अमेरिकेत २०१४ मध्ये डेव्हिस आणि फ्लोरिडा इथल्या विद्यापीठांच्या पशुवैद्यांनी ‘मिलियन कॅट चॅलेंज’ सुरू केलं, त्याचा रोख हाच होता: झेपतील तेवढीच एका वेळी घ्या, अडथळे काढा, आणि गल्लीत नीट जगणाऱ्या मोठ्या मांजराला नसबंदी करून, लस देऊन, त्याच्याच गल्लीत परत सोडा. त्याला पिंजरा लागतच नाही.

एक खरी अडचण आहे. आमच्याकडची दोन म्हातारी मांजरं कुठेच जाणार नाहीत. म्हणजे आमची जागा ३० नाही, २८ आहे, आणि ते मी फळ्यावर तसंच लिहिलंय.

आता खोकं घेऊन कोणी आलं की आम्ही आधी विचारतो, “आठ-दहा दिवस सांभाळाल का? खाणं, लस, डॉक्टर आमच्याकडून.” पहिल्यांदा विचारताना माझी जीभ अडखळली होती. परवा एका मावशींनी तीन पिल्लं बाल्कनीत बारा दिवस ठेवली. तेराव्या दिवशी फोन आला, “दोनच घेऊन येते गं. तिसरं आता आमचंच.”