जुन्या मोटारीचा दोष कसा शोधावा?

सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट व पद्मिनी मोटारी आतां निघत नाहींत. त्यांचे भागही दुर्मिळ झाले. म्हणून मोटार अडतांच हातीं लागेल तो भाग खोलणें आम्हांस घातक वाटतें.

इंजिनास पेट्रोल, हवा व वेळेवर ठिणगी लागते. त्यांतील काय उणें आहे, तें क्रमानें पाहावें. प्रथम दिवे लावून किल्ली फिरवावी. ते अगदींच मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर क्षार जमला आहे असें समजावें. इंजिन जोरानें फिरूनही पेट घेत नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट पाहावे. ते जळले असतां ठिणगी क्षीण होते. मात्र पेट्रोलाचा वास येत असतां ठिणगीची परीक्षा करूं नये.

ठिणगी चांगली असल्यास पेट्रोलाकडे वळावें. करमाळ्याच्या उन्हाळ्यांत तापलेल्या नळींत पेट्रोलाची वाफ होते व पंपास तें ओढवत नाहीं. इंजिन बंद ठेवून पंपावर ओलें फडकें घातलें, कीं थोड्या वेळानें मोटार पुनः चालूं लागते.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. एरव्हीं मोटार सुरू झाली, तरी दोष कोठें होता हें कळत नाहीं. गणिताची चूक शोधतांनाही विद्यार्थ्यांनीं हीच रीत धरावी.